दहा ग्रॅमचा प्रश्न: सुरक्षेचे कायदे प्रयोगशाळेच्या दाराशी का अडखळतात?

१०० मिलिग्रॅम म्हणजे नखावर मावेल एवढी पूड. अमेरिकेतल्या टेक्सास टेक विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत निकेल, हायड्रॅझीन आणि परक्लोरेट यांच्या स्फोटक संयुगावर काम चालू होतं. एका वेळी १०० मिलिग्रॅमच्या वर बनवायचं नाही, असं तिथे ठरलेलं होतं. ठरलेलं म्हणजे तोंडी. चाचण्यांना पुरेल एवढा माल एकदमच हाती यावा म्हणून दोन विद्यार्थ्यांनी सुमारे १० ग्रॅम बनवला. शंभरपट. त्यात गुठळ्या झाल्या, म्हणून त्यांतला अनुभवी विद्यार्थी त्या खलात घालून बत्त्याने फोडत होता. काम संपलं असं वाटून त्याने गॉगल काढला, मग आणखी एकदा ढवळायला म्हणून परत वळला आणि स्फोट झाला. ७ जानेवारी २०१० ची ही घटना. त्याची तीन बोटं गेली, डोळ्याला इजा झाली, अंग भाजलं.

या अपघाताची चौकशी रासायनिक अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकी केंद्रीय मंडळाने केली. या मंडळाला कोणालाही दंड करण्याचा अधिकार नाही; कारणं शोधायची आणि शिफारशी करायच्या, एवढंच त्याचं काम. कामगारांच्या सुरक्षेचा जो मुख्य केंद्रीय कायदा, तो या विद्यापीठाला लागूच होत नव्हता. राज्य सरकारच्या संस्थांमधले कर्मचारी त्याच्या कक्षेबाहेर असतात. राज्याने स्वतःची मान्यताप्राप्त यंत्रणा उभी केली असेल तरच त्यांना ते संरक्षण मिळतं, आणि टेक्सासने ती केलेली नव्हती.

याच्या वर्षभर आधी, डिसेंबर २००८ मध्ये, लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २३ वर्षांची एक संशोधन साहाय्यक सिरिंजने टर्शरी ब्युटिल लिथियम काढत होती. हा द्रव हवेशी संपर्क येताच पेटतो. सिरिंजचा दट्ट्या निसटला, अंगावर लॅब कोट नव्हता, स्वेटर कृत्रिम धाग्याचा होता. अठरा दिवसांनी रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. इथेही विद्यापीठ सरकारीच. पण कॅलिफोर्नियात राज्याची स्वतःची यंत्रणा होती, आणि ती मुलगी पगारावर होती. त्यामुळे आधी दंड झाला, मग २०११ च्या अखेरीस विद्यापीठावर आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख प्राध्यापकावर फौजदारी आरोप ठेवले गेले. विद्यापीठाने २०१२ मध्ये तडजोड केली. प्राध्यापकाचं प्रकरण २०१४ मध्ये १०,००० डॉलर आणि ८०० तासांची समाजसेवा या अटींवर थांबलं.

रसायनं दोन्हीकडे जिवावर बेतणारीच होती. फरक पडला तो पत्त्याचा आणि हजेरीपटाचा. सामान्य माणसाला वाटतं की कायदा आधी विचारत असेल, ‘बाटलीत काय आहे?’ प्रत्यक्षात त्याचे पहिले प्रश्न असतात: ही जागा कोणाची? हा माणूस कोणाच्या नोकरीत आहे? बाटलीचा नंबर त्यानंतर.

यंत्रांवरून शिकलेला कायदा

असं का, ते कळायला थोडं मागे जावं लागतं. ब्रिटनमध्ये १८३३ च्या कायद्याने पहिले चार कारखाना निरीक्षक नेमले गेले. १८४४ च्या कायद्याने चालत्या यंत्रांना कुंपण घालायला लावलं. कायद्याची नजर घडली ती चाकं, पट्टे आणि बॉयलर बघत. त्या जगात धोका एका जागी असतो, रोज तोच असतो, आणि निरीक्षक वर्षाने आला तरी यंत्र तिथेच सापडतं. तेव्हा नियम सोपा: या चाकाला जाळी लाव, या शिडीला कठडा कर.

भारतातल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातही (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या संहितेने घेतली) हीच घडण होती. विजेवर उत्पादन चालतं आणि दहा किंवा अधिक कामगार आहेत, ती जागा म्हणजे कारखाना, अशी त्याची व्याख्या होती. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विजेचा तोटा नाही, माणसंही दहापेक्षा जास्त. पण ‘उत्पादन’ कुठे आहे? तिथे निघतात ते प्रबंध.

प्रयोगशाळेचा स्वभाव कारखान्याच्या अगदी उलट आहे. मात्रा थोडी, प्रकार शेकडो. सोमवारी एक द्रावक, बुधवारी दुसरा, शुक्रवारी असं काहीतरी जे जगात आधी कोणी बनवलेलंच नाही, म्हणजे त्याच्या विषारीपणाची नोंद कुठल्याही पुस्तकात असण्याची शक्यता नाही. अशा जागेला ‘चाकाला जाळी लाव’ हे कसं सांगणार?

यातून वाट काढली ती कायद्याची भाषाच बदलून. ब्रिटनमध्ये लॉर्ड रोबेन्स यांच्या समितीने १९७२ मध्ये अहवाल दिला. नियमांचा ढीग इतका वाढला आहे की सुरक्षा ही सरकारची जबाबदारी आहे असं लोकांना वाटायला लागलंय, असा त्याचा सूर होता. मग १९७४ चा कायदा आला. काय करायचं याची यादी देण्याऐवजी त्याने काम करवून घेणाऱ्यावर एक व्यापक कर्तव्य टाकलं: वाजवीपणे शक्य असेल तेवढी सुरक्षितता राख. या ‘वाजवीपणे शक्य’चं माप न्यायालयाने १९४९ मध्येच, एका कोळसाखाणीच्या खटल्यात, सांगून ठेवलं होतं. तराजूच्या एका पारड्यात जोखीम, दुसऱ्यात ती टाळायला लागणारा पैसा, वेळ आणि कष्ट. दुसरं पारडं पहिल्यापेक्षा फारच जड असेल तरच ‘जमलं नाही’ म्हणता येतं. नुसतं ‘परवडत नाही’ म्हणून सुटका नाही.

त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात एक मोलाची गोष्ट आहे. जे नोकरीत नाहीत, पण तुमच्या कामामुळे ज्यांना धोका पोचू शकतो, त्यांच्याबद्दलही तुमचं कर्तव्य आहे. म्हणजे विद्यार्थी, पाहुणे, शेजारी सगळे आले. टेक्सासमधला तो विद्यार्थी ब्रिटनमध्ये असता, तर तो नोकर होता की नव्हता यावर काथ्याकूट करायची गरजच पडली नसती.

घर तुमचं, नियमही तुम्हीच लिहा

अमेरिकेने प्रयोगशाळांसाठी वेगळा नियम केला तो १९९० मध्ये. त्याआधी बेंझीन किंवा फॉर्मल्डिहाइडसारख्या एकेका रसायनासाठी स्वतंत्र नियम होते: हवेतलं प्रमाण मोजा, नोंदी ठेवा, तपासण्या करा. वर्षभर एकच द्रावक वापरणाऱ्या कारखान्याला हे जमतं. आठवड्यात चाळीस रसायनं थोडी-थोडी हाताळणाऱ्या माणसाने काय काय मोजायचं? म्हणून नव्या नियमाने सांगितलं की प्रत्येक प्रयोगशाळेने आपली लेखी सुरक्षा योजना स्वतः तयार करावी, तिच्यासाठी एक जबाबदार माणूस नेमावा, आणि वर्षातून एकदा तरी ती पुन्हा तपासावी. कर्करोगकारक, प्रजननाला घातक किंवा अत्यंत विषारी पदार्थांसाठी राखीव जागा ठरवावी. कोणत्या कामाला आधी वरिष्ठांची परवानगी लागेल, तेही लिहून ठेवावं.

एकेका रसायनाच्या स्वतंत्र नियमांतून ही सवलत कोणाला, याची अटही साधी आहे. भांडी एका माणसाला सहज आणि सुरक्षितपणे हाताळता येतील अशी हवीत, रसायनं आणि कृती एकाहून अधिक हव्यात, आणि ते काम उत्पादनाचा भाग नको. ही शेवटची अट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. दारावर ‘लॅबोरेटरी’ अशी पाटी आहे म्हणून हा नियम लागत नाही. कारखान्याला जोडून असलेल्या, रोज तेच ते नमुने तपासणाऱ्या गुणवत्ता नियंत्रणाच्या लॅबला साधारणपणे कारखान्याचेच नियम लागतात. ऊतींचे नमुने फॉर्मल्डिहाइडमध्ये बुडवून ठेवणाऱ्या पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळांनाही फॉर्मल्डिहाइडचा मूळ नियम पूर्णच पाळावा लागतो, कारण तिथे तोच वास रोज, तासन्‌तास नाकात जातो. माझ्या मते हा भेद शहाणपणाचा आहे. खोलीच्या नावापेक्षा श्वासाचा हिशेब महत्त्वाचा.

तरी एक मोठं भोक राहिलंच. हा नियम लिहिताना डोळ्यांसमोर होतं ते आरोग्य: हवेतून, त्वचेतून शरीरात काय जातं. आग आणि स्फोट त्यात तसे कडेलाच राहिले. टेक्सासच्या चौकशीत मंडळाने नेमकं यावर बोट ठेवलं. शिवाय त्या प्रयोगशाळांमध्ये आधीही दोन प्रसंग थोडक्यात निभावले होते, पण त्यातून काय शिकायचं हे लिहून ठेवून पुढच्यांपर्यंत कोणी पोचवलं नव्हतं. ‘स्वतः लिहा’ म्हणणाऱ्या कायद्यात कोऱ्या कागदाची जोखीम असतेच.

धोका आणि जोखीम

मराठीत आपण हे दोन शब्द सरसकट वापरतो, पण सुरक्षेच्या कामात त्यांच्यात फरक करतात. धोका पदार्थात असतो. जोखीम तुमच्या आणि पदार्थाच्या संबंधात असते. कुलूपबंद कपाटातली ॲसिडची बाटली धोकादायक आहे, जोखीम नगण्य. तीच बाटली डोक्याच्या उंचीवरच्या फळीवर ठेवून स्टुलावर चढून काढली की धोका तेवढाच राहिला, जोखीम मात्र कितीतरी वाढली. कायद्याला हवं असतं ते जोखमीचं मूल्यमापन, आणि तेही काम सुरू होण्याआधी.

ते करून झालं की उपाय. इथे बहुतेक लोक उलट्या टोकापासून सुरुवात करतात: हातमोजे घाल, गॉगल लाव. सुरक्षेच्या शास्त्रात तो शेवटचा उपाय आहे. आधी बघायचं की हा पदार्थ वापरल्याशिवाय चालेल का. नाही, तर त्याच्या जागी सौम्य काही चालेल का. तेही नाही, तर माणूस आणि पदार्थ यांच्यामध्ये यंत्रणा उभी करा. मग कामाची पद्धत, वेळ, मात्रा ठरवा. १०० मिलिग्रॅमची मर्यादा या पायरीवरची. एवढं करून जी जोखीम उरेल, तिच्यासाठी हातमोजे.

हातमोज्यांवर किती विसंबावं हे जगाला कळलं ते कॅरन वेटरहान यांच्या मृत्यूने. डार्टमथ कॉलेजच्या या प्राध्यापक विषारी धातूंच्या तज्ज्ञ होत्या. ऑगस्ट १९९६ मध्ये वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात, म्हणजे फ्यूम हूडमध्ये, काम करताना डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या अत्यंत विषारी संयुगाचे एक-दोन थेंब त्यांच्या लॅटेक्सच्या हातमोज्यावर पडले. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे त्यांनी सगळी काळजी घेतलेली होती. लक्षणं दिसायला काही महिने लागले, आणि जून १९९७ मध्ये त्या गेल्या. नंतरच्या चाचण्यांत दिसलं की हा द्रव असल्या हातमोज्यातून काही सेकंदांतच आरपार जातो. त्यानंतर या पदार्थासाठी अनेक थरांच्या प्लास्टिकचा खास हातमोजा आणि त्यावर आणखी एक जाड, लांब बाहीचा, अशी शिफारस झाली. आता सल्ला आहे की मुळात हा पदार्थ शक्यतो वापरूच नका. उपायांच्या शिडीवरून एक पूर्ण चक्कर मारून गोष्ट पहिल्या पायरीवर आली.

फ्यूम हूडबद्दलही दोन शब्द, कारण त्यात गल्लत फार होते. समोरची काच वर-खाली होणारं, आतली हवा ओढून बाहेर टाकणारं कपाट म्हणजे फ्यूम हूड. तोंडाशी हवेचा वेग साधारण सेकंदाला अर्धा मीटर असावा लागतो. त्यात जुन्या बाटल्या आणि खोकी कोंबून ठेवली की हवेचा रस्ता अडतो आणि वाफ तुमच्या तोंडावर येते. त्याच्यासारखंच दिसणारं लॅमिनार फ्लो कपाट मात्र नमुना स्वच्छ ठेवायला गाळलेली हवा सहसा तुमच्याच दिशेने सोडतं. त्यात विषारी द्रावक उघडणं म्हणजे पंखा लावून स्वतःला धुरी देणं.

आणि नाकावर भरवसा नको. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण हवेतलं प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेलं की वास घेण्याची शक्तीच मरते. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो तेव्हाच परिस्थिती सगळ्यांत वाईट असते. म्हणून कायदा आकड्यांत बोलतो. अमेरिकी नियमात फॉर्मल्डिहाइडची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला दहा लाखांत ०.७५ भाग, आणि कोणत्याही पंधरा मिनिटांच्या सरासरीला २ भाग. दोन आकडे का? दिवसभराची सरासरी छान दिसत असतानाही पाव तासात घसा जाळून घेता येतो म्हणून.

लेबलं आणि सुरक्षा माहितीपत्रकं यांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, कारण हा भाग जगाने बऱ्यापैकी सोडवलाय. संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीनुसार लाल चौकटीतली नऊ चिन्हं आणि सोळा भागांचं माहितीपत्रक आता बहुतेक देशांत ओळखीचं आहे. अडचण एवढीच, की ते पत्रक विकत आणलेल्या बाटलीबरोबर येतं. तुम्ही स्वतः काल रात्री बनवलेल्या पुडीबरोबर ते येत नाही.

परमिटचा कागद

प्रयोगशाळेबाहेरच्या धोक्याच्या कामांत, म्हणजे टाकीत उतरणं, ज्वालाग्राही वाफा असू शकतील तिथे वेल्डिंग करणं, चालू वाहिनी उघडणं, तिथे कायद्याची पकड घट्ट असते आणि पद्धत वेगळी. तिथे वर्क परमिट चालतं. कुठे, कोण, किती वाजेपर्यंत, काय बंद केलं, हवा कोणी तपासली, हे लिहून सही झाल्याशिवाय हत्यार उचलायचं नाही. वीज किंवा वाफ बंद केली तर त्या खटक्याला कुलूप, आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात.

हा कागद फाटला तर काय होतं, ते जुलै १९८८ मध्ये उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटावर दिसलं. एका पंपाचा सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढला होता आणि त्या तोंडावर तात्पुरती चकती बसवली होती. रात्री दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीला पंपाच्या देखभालीचा परमिट दिसला, झडपेचा वेगळा परमिट दिसला नाही. त्यांनी तो पहिला पंप चालू केला, चकतीपाशी गळती होऊन स्फोट झाला. १६७ माणसं मेली. नियम होता, कागदही होता. पाळी बदलताना तो एका हातातून दुसऱ्या हातात गेला नाही.

प्रयोगशाळेतल्या लोकांना वाटतं की हे सगळं तेलवाल्यांचं, आपलं काही नाही. पण द्रव नायट्रोजनची टाकी असलेली छोटी बंद खोली घ्या. द्रवाचा वायू होताना तो सुमारे ७०० पट जागा व्यापतो. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की ती हवा अपुरी मानतात. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, गुदमरल्याची जाणीवही होत नाही. बेशुद्ध पडलेल्याला ओढायला धावत गेलेला दुसराही तिथेच पडतो. म्हणून अशा खोलीत ऑक्सिजनचा अलार्म लागतो, आणि द्रव नायट्रोजनचं भांडं लिफ्टमध्ये एकटं पाठवतात, माणसाला बरोबर बसू देत नाहीत.

काम नाकारण्याचा हक्कही इथेच येतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या कराराप्रमाणे, जिवाला तातडीचा आणि गंभीर धोका आहे असं मानायला वाजवी कारण असेल, तर कामावरून बाजूला झालेल्या कामगाराला त्याबद्दल त्रास देता येत नाही. भोपाळनंतर १९८७ मध्ये भारताच्या कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांवर स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं. त्यात अशा धोक्याची सूचना देण्याचा कामगाराचा हक्क आणि तिची दखल घेण्याचं मालकाचं कर्तव्य लिहिलेलं होतं. कागदावर हा हक्क भक्कम आहे. पण ज्याची पदवी, शिफारसपत्र आणि पुढची नोकरी एकाच गाइडच्या हातात आहे, तो ‘सर, हे मी करणार नाही’ म्हणेल का? कामगाराच्या मागे निदान युनियन असू शकते. म्हणून तोंडी मर्यादेचा काही उपयोग नसतो. भिंतीवर लिहिलेला आकडा दाखवून नाही म्हणणं सोपं जातं.

शेवटी एक माणूस राहतो, जो ना विद्यार्थी ना संशोधक. गच्चीवरचा फ्यूम हूडचा पंखा दुरुस्त करायला कंत्राटदाराने पाठवलेला फिटर. गरम परक्लोरिक ॲसिडचं काम साध्या हूडमध्ये केलं, तर त्याच्या वाफा धातूच्या नळकांड्यात थंड होऊन जमतात आणि तिथे परक्लोरेटची स्फटिकं तयार होतात. टेक्सासच्या खलात जे होतं, त्याचीच ही भावकी. पाना लावला, हातोडीचा एक ठोका पडला की फुटू शकतात. म्हणून या ॲसिडसाठी आतून पाण्याने धुतला जाणारा वेगळा हूड लागतो. तो नसताना हे काम कोणी दहा वर्षांपूर्वी करून, पदवी घेऊन निघून गेलेलं असेल. फिटरच्या हजेरीपटावर नाव दुसऱ्याच कंपनीचं आहे, त्याने रसायनशास्त्र शिकलेलं नाही, आणि नळकांड्यावर लेबल नाही. त्याच्या परमिटवर ‘या हूडमध्ये आधी काय वापरलं होतं?’ असा रकाना असतो. तो भरायला गच्चीवरून खाली उतरून कोणाला विचारायचं, हे मात्र आधीच ठरलेलं असावं लागतं.